नाही म्हणणारा एक तरी हवा

‘भैरवाडी गावाला शौर्याची थोर परंपरा लाभली आहे.’

मी फळ्यावर लिहिलं, खडू ठेवला आणि हात ओढणीला पुसले. बागवान सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी वर्गाकडे पाहून विचारलं, “याला कोण नाही म्हणतंय?”

कुणी हात वर केला नाही. कोण करणार? वर्गातली निम्मी पोरं आमच्याच खोऱ्यातली आणि प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी पलटणीत.

“मग पुसून टाक,” सर म्हणाले.

“का सर? चुकलंय का?”

“चुकलं असतं तर ठेवलं असतं. कुणी नाही म्हणत नाही म्हणून पूस.”

तालुक्याच्या कॉलेजात टी.वाय.ला इतिहास घेतलेले आम्ही दहा-बारा जण होतो. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला आपापल्या गावावर एक मोठा निबंध लिहायचा होता. सरांची पद्धत अशी की निबंध नंतर, आधी एक वाक्य आणायचं. आपल्याला नेमकं काय म्हणायचंय, ते त्या एका वाक्यात आलं पाहिजे. सर त्याला प्रतिपादन म्हणत, आम्ही ‘सरांचं वाक्य’ म्हणायचो. वाक्य फळ्यावर लिहायचं, सर वर्गाला विचारणार, एकही हात वर आला नाही तर डस्टर.

“सूर्य पूर्वेला उगवतो, यावर वीस पानं लिहिशील का?” सर म्हणाले. “नाही म्हणणारा एक तरी हवा, उज्ज्वला. त्याला पटवायला निबंध लिहायचा असतो. आधीच पटलेलं सांगायला शाहीर आहेत की.”

वर्ग हसला. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. दुसऱ्या आठवड्यात मी नवं वाक्य नेलं, ‘इंग्रजांनी भैरवाडीच्या माणसांना फसवून लढाईवर नेलं.’ इंग्रजांच्या बाजूने हात वर करणारा आमच्या वर्गात कुठून येणार? तेही पुसलं गेलं.

“तू वाक्य घरून तयार करून आणतेस,” सर म्हणाले. “गावात जाऊन विचार. ती माणसं का गेली, एवढंच विचार.”

ती माणसं म्हणजे दगडावरची माणसं. भैरोबाच्या देवळासमोर एक संगमरवरी दगड आहे. त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके लोक गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. लहानपणी मी वडिलांना, म्हणजे आबांना, विचारलं होतं, नावं का नाहीत? आबा म्हणाले होते, “दगडाला कशाला नावं? गावाला तोंडपाठ हायत की.” गावाला चार-पाच नावांच्या पुढे एकही येत नव्हतं, ते मला फार पुढे कळलं.

त्या वर्षी मात्र नावांचा दगड होणार होता. स्वातंत्र्यानंतर लढाईत आणि सरहद्दीवर गेलेल्या गावच्या जवानांचा स्तंभ देवळासमोर उभा राहत होता, चैत्रातल्या जत्रेला त्याचं उद्घाटन होतं. त्यावरचं शेवटचं नाव माझ्या भावाचं होतं. रणजित आत्माराम फडतरे. सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळून तो गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

सरपंच घरी आले. पलटणीतून निवृत्त झालेल्या आबांना म्हणाले, “हवालदार, तुमची लेक गावावर निबंध लिहितीया म्हनं. उद्घाटनाला तिनंच वाचावा. रणजितची भैन हाय, शोभंल.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांची मान ताठ झाली. “वाचंल की,” ते म्हणाले. रणजित गेल्यापासून घरात कशाला तरी आबा इतक्या पटकन हो म्हणाले, हे पहिल्यांदाच होत होतं. मला बरं वाटलं. एक वाक्य काय, कुठूनही जुळवीन, असं तेव्हा वाटलं होतं.

देवळाच्या ओट्यावर सोपानतात्या बसलेले असत. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धाला जाऊन जिवंत परत आलेले.

“तात्या, तुमचे वडील लढाईला गेले होते ना?”

“गेलता की. बसऱ्याला. खारका खाऊन आला.”

“का गेले होते?”

तात्यांनी माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं पाहिलं. “का म्हंजे? भरती आलीती.”

“म्हणजे त्यांना जायचं होतं?”

“जायचं कुणाला आसतंय, पोरी?” तात्या हसायला लागले. “भरतीचा सायब चावडीवर आला तवा बा माझा रानात पळाला. रातभर जुंधळ्यात बसला. सकाळच्याला घरी येतोय तर उंबऱ्यावर बांगड्या. हिरव्यागार! आज्जीनं त्या उचलल्या आन् बाला म्हनली, बग रं, तुझ्याच मापाच्या हायत्या. त्यो दुपारीच चावडीवर जाऊन आंगठा देऊन आला.”

“कुणी टाकल्या होत्या?”

“कुनीबी. ज्यो म्हागं सरला त्याच्या दारात टाकायच्या, गावची रीतच हुती ती. लई मजा.”

तात्या खोकला लागेपर्यंत हसले. ओट्यावरची बाकीची माणसं हसली. मीही हसले. घराकडे वळल्यावर माझं हसू आपोआप थांबलं, कारण मला रणजितचा हात आठवला.

आमच्या जत्रेत भैरोबाची पालखी निघते. तिला खांदा द्यायचा मान फौजेतल्यांचा. सुटीवर आलेले जवान आणि पेन्शनीतले म्हातारे, एवढेच पालखीला हात लावतात. दुकानदार, मास्तर, शेतकरी, भरतीत नापास झालेली पोरं, सगळे पुरुष मागून चालतात. हे कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरज कधी पडली नाही.

रणजितला फौजेचं वेड नव्हतं. त्याला इंजिनांचं वेड होतं. विहिरीवरचं इंजिन कुठे अडलंय ते तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. स्टँडजवळ पंपदुरुस्तीचं दुकान टाकायचं, पाटीवर ‘फडतरे’ एवढंच लिहायचं, असं त्याच्या मनात होतं. पण बारावी झाल्यावर आबांनी त्याला भरतीला नेलं. पळण्यात तो पहिला आला, लांब उडीत पास झाला आणि छातीत नापास होऊन घरी आला. फुगवून जेवढी वाढायला हवी तेवढी छाती वाढली नाही म्हणे. आई त्याला रोज दोन अंडी द्यायला लागली.

त्याच आठवड्यात विहिरीवर इंजिन उघडून बसलेला असताना त्याने मला जवळ बोलावलं. हाताला ऑइल, तोंडभर हसू.

“उजे, म्या छाती फुगवलीच न्हाई.”

“म्हणजे?”

“टेप लावली, म्हनला फुगव. म्या आपला हुबा ऱ्हायलो. म्हनला, आरं फुगव की. तरी हुबा. म्हनला, चल पळ.” तो हसत हसत मागे रेलला. “आबास्नी सांगू नगंस.”

मी नाही सांगितलं. तो इतका खूश होता की सांगणं शक्यच नव्हतं.

मग जत्रा आली. चढावर एक म्हातारा खांदेकरी दमला, म्हणून रणजित सहज पुढे झाला आणि त्याने पालखीच्या दांड्याला हात घातला. मागच्या पेन्शनराने त्याचा हात धरून बाजूला केला. रागाने नव्हे, अगदी प्रेमाने म्हणाला, “रणजित, मागं व्हय लेकरा.” मी बायकांत उभी होते. रणजितच्या कपाळावर गुलाल होता, त्याच्याखाली त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. आबा पुढच्या खांद्याला होते. त्यांना ऐकू गेलं नसणार, असं मी मनाशी म्हटलं.

पुढच्या भरतीला रणजितने छाती अशी फुगवली की मापणारा म्हणाला म्हणे, बास पोरा, टेप तुटेल. हे आबांनी गावभर सांगितलं. आणि दोन वर्षांच्या आत तो तिरंग्यात गुंडाळून घरी आला.

देवळापासून घरापर्यंतच्या वाटेत माझं वाक्य तयार झालं. मला ते नको होतं. पण एकदा सुचलं ते सुचलं.

पुढच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं, ‘भैरवाडीची माणसं फौजेत गेली ती शौर्याच्या ओढीने नव्हे. न जाणाऱ्याला गावाने उभं राहायला जागा ठेवली नव्हती, म्हणून गेली.’

सरांना विचारावंच लागलं नाही. हात वर झाले, बाक वाजले. आमच्या खोऱ्यातला एक जण उभा राहून ओरडला, “नाही! साफ खोटं! हिच्या घरात शहीद आहे आणि ही असं लिहिते?”

सर हसले नाहीत. “झालं तुझं वाक्य,” एवढंच म्हणाले. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

“हे जत्रेत वाचणार आहेस?”

“ठरलंय तसं.”

“घरी दाखवलंस?”

मी वही मिटली.

“वर्गातल्या पोरांचं सोड,” सर म्हणाले. “या वाक्याला नाही म्हणायचा पहिला हक्क तुझ्या वडिलांचा आहे. त्यांना आधी विचार. ते नाही म्हणाले तर काय म्हणतात ते नीट ऐक, आणि मग लिही.”

ते दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ज्या दगडावर मुलाचं नाव कोरलंय त्या दगडासमोर, सगळ्या गावादेखत, बापाला सांगायचं की तुमचा मुलगा शूर म्हणून गेला नव्हता. आबांकडे आता दुसरं काय उरलं होतं? आणि नाही वाचावं, तर शाहिरी करावी. ती मला करता आली असती. रणजितने मला विहिरीवर बोलावलंच नसतं तर खुशाल केली असती.

आबा रोज सकाळी अंगणातल्या शेवग्याला आरसा टांगून दाढी करत. पलटणीतली सवय. त्या दिवशी निम्मी दाढी झाली होती तेव्हा मी कागद घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

“आबा, निबंधातलं एक वाक्य तुम्हाला दाखवायचंय. सर म्हणाले, आधी तुम्हाला दाखव.”

“वाच की.”

मी वाचलं. वस्तरा कानाखाली थांबला. आबा वळले नाहीत, आरशातूनच माझ्याकडे बघत राहिले.

“पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“कुनी सांगितलं हे?”

“सोपानतात्यांनी. उंबऱ्यावरच्या बांगड्यांचं.”

“येडं हाय त्ये म्हातारं.”

“खोटं सांगतात का?”

आबांनी वस्तरा तांब्यातल्या पाण्यात बुडवला, झटकला. “खोटं न्हाय,” ते म्हणाले. मग मी न विचारताच म्हणाले, “माझ्या येळंला बांगड्या ऱ्हायल्या नव्हत्या.”

“मग?”

“पालखी हुती.”

आत आई भाकऱ्या थापत होती. तो आवाज थांबला.

“रणजितचं घातलंयस ह्यात?” आबांनी विचारलं.

“नाही.”

“का? त्यानं छाती फुगवली न्हवती, त्ये?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“दोन वर्सं भरतीत टेप माझ्याच हातात हुती, उजे. ज्याची छाती फुगत न्हाय ना, ते पोरगं लालबुंद हुतं, घाम फुटतो त्याला, रडकुंडीला येतं. आन् ज्याला फुगवायचीच न्हाय ते गपगार हुबं ऱ्हातं.” आबा आरशाशी बोलत होते. “मी कुंपनाच्या भाईर हुतो, बाकीच्या बापांच्यात. लांबनं दिसलं मला. गपगार हुबा हुता.”

“मग तुम्ही त्याला विचारलं का नाहीत?”

“इचारलं आसतं तर त्यो म्हनला आसता, आबा, मला न्हाय जायचं. मग मला ऐकावं लागलं आसतं.”

गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. मला आबांची भीती वाटायला लागली. ते ओरडतील, कागद फाडतील, अशी तयारी करून मी आले होते. या शांतपणाची तयारी माझ्याकडे नव्हती. त्यांना काहीतरी आधार द्यावा म्हणून मी म्हटलं, “पालखीवरून त्याचा हात काढला तेव्हा तुम्ही पुढे होतात. तुम्हाला कुठून ऐकू येणार?”

“आलं.”

“काय?”

“ऐकू आलं मला. ‘मागं व्हय लेकरा’ म्हनला. मी वळलो आसतो तर पालखी थांबली आसती.” आबांनी वस्तरा खाली ठेवला. “न्हाय वळलो.”

मी रडायला लागले. “आबा, तुम्ही नाही म्हणा. हे खोटं आहे म्हणा. मी आत्ता फाडते, दुसरं लिहिते. मला येतं दुसरं लिहायला. नुसतं नाही म्हणा.”

आबा माझ्याकडे वळले. एक गाल स्वच्छ, दुसरा पांढरा. ज्या माणसाला मी कधी कुणापुढे अडलेलं पाहिलं नव्हतं, तो माझ्या एका वाक्यापुढे अडला होता.

“न्हाई म्हनता येत न्हाय, पोरी.”

मग त्यांनी पुन्हा ब्रश ओला केला, साबण लावला आणि राहिलेली दाढी केली. हात जराही हलला नाही. तोंड धुऊन आरसा काढताना म्हणाले, “वाच जत्रंत. आन् त्याचं बी घाल. इंजनाचं बी घाल.”

आत भाकरीची थाप पुन्हा सुरू झाली, पण सावकाश. दोन थापांमध्ये बराच वेळ जात होता.

सोमवारी सरांनी विचारलं, “काय म्हणाले वडील?”

“नाही म्हणाले नाहीत.”

सरांनी हातातलं डस्टर टेबलावर ठेवलं. त्यांच्या नियमाने ते वाक्य पुसायला हवं होतं. ज्याने नाही म्हणायचं, तोच म्हणाला नव्हता.

“मी तो नियम वर्गापुरता केला होता, बाळ,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

जत्रेच्या दिवशी देवळासमोर मांडव होता. स्तंभावरचं कापड निघालं, हार पडले, सरपंचांचं भाषण झालं आणि मग मला माइकवर बोलावलं. पहिलं पान होईपर्यंत लोक कौतुकाने ऐकत होते. मग वाक्य आलं. मांडवात कुजबुज झाली. बांगड्यांचं वाचलं तेव्हा कुणीतरी ओरडलं, “ए पोरी, पुरं!” पालखीचं वाचलं तेव्हा खुर्च्या सरकल्या. “न्हाय! न्हाय!” असा एकच गलका झाला. सरपंच माइककडे येऊ लागले. पुढच्या रांगेत बसलेल्या आबांनी नुसता हात आडवा केला आणि सरपंच जागीच थांबले.

मी शेवटपर्यंत वाचलं. रणजित, त्याचं इंजिन, पाटीवर लिहायचं राहिलेलं नाव, कुंपणाआतला तो शांत उभा मुलगा. संपलं तेव्हा टाळी वाजली नाही. सोपानतात्या तेवढे मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसत होते.

मग ढोल वाजले. काही झालं तरी पालखी वेळेवर निघावीच लागते. खांदेकरी गोळा झाले. पुढची डावी जागा रिकामी होती. ती आबांची, कित्येक वर्षांची.

“हवालदार!” कुणीतरी हाक मारली. “खांदा!”

आबा स्तंभापाशी उभे होते. त्यांनी शेवटच्या नावावर हात ठेवला, काढला, आणि चालायला लागले. पालखीच्या बाजूने चालत गेले, पुढच्या जागेवरून, मधल्यावरून, मागच्यावरून, आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथे किराणावाला होता, मास्तर होते, त्या वर्षी भरतीत नापास झालेली पोरं होती. पोरांनी सरकून त्यांना जागा करून दिली.

आमच्याकडे पालखी उचलताना खांद्यावरचे ओरडतात, ‘भैरोबाच्या नावानं!’ आणि मागचे उत्तर देतात, ‘चांगभलं!’ लहानपणापासून जत्रेत मी आबांचा आवाज ओळखायचे तो पहिल्या हाकेत. रणजित आणि मी गर्दीत हरवलो तरी त्या आवाजाच्या दिशेने जायचो.

पालखी उठली. पुढून हाक आली, तिच्यात आबा नव्हते.

मग मागून आबांचा आवाज आला, “चांगभलं!”